टाचेची साक्ष

प्रिय दहानंबर,

या नावाने तुला हाक मारून किती वर्षं झाली कुणास ठाऊक. वर्कशॉपच्या पेटीत सगळे पाने जागच्या जागी असायचे, फक्त दहा नंबरचा वेळेवर सापडेल तर शपथ, आणि घरात तुझंही तेच. दोघांना शोधायला मी गाड्यांच्या खालीच वाकायचो. आज कागदावर तुझं खरं नाव लिहायला घेतलं आणि हात अडखळला. खऱ्या नावाने मी तुला फक्त रागावताना हाक मारत आलोय, आणि सध्या रागवायचा हक्क माझ्याकडे उरलाय असं वाटत नाही. का ते पुढे येईलच. पत्र बघून तू म्हणशील, हातात फोन असताना म्हाताऱ्याला हे काय सुचलं. पण फोनवर मी अडचणीचा विषय निघाला की दोन वाक्यांत हवापाण्यावर घसरतो, हे तुला माहीत आहे. कागदावर तसं घसरलं तरी खोडलेलं दिसतं, म्हणून कागद.

तुझा प्रश्न येऊन आज तेवीस दिवस झाले. दोन महिन्यांनी तू आपणहून काही विचारलंस. लहान पण चांगल्यातली हॅचबॅक घ्यायची आहे, दोन निवडल्या आहेत, एक लाल आणि एक करडी, इंजिनात फरक नाही. पिल्लू मागे बसली की वीस मिनिटांत उलटी करते, तेव्हा मागच्या सीटसाठी कुठली बरी ते सांगा. बस्स, इतकंच. ना कसे आहात, ना काही. तरी तो निरोप मी तुझ्या आईला चारदा वाचून दाखवला. चौथ्यांदा ती म्हणाली, आता मला पाठ झालाय, तुम्ही उत्तराचं बघा. गेल्या खेपेला तू ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच निघून गेलीस. त्यानंतर मी तुला ब्रेकच्या झिजलेल्या पॅडचा फोटो पाठवला, त्यावर तुझं नुसतं ‘बरं’ आलं, आणि मग काहीच नाही. त्या गप्प बसण्यातून हा प्रश्न आला होता. मी मनाशी ठरवलं, उत्तर असं चोख द्यायचं की बाप अजून कामातून गेलेला नाही हे पोरीला कळलं पाहिजे. ज्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकाला तीन मिनिटांत निकाल दिला, त्याला तेवीस दिवस का लागले, तेच सांगायला बसलोय.

आधी दोन्ही गाड्या खालून कशा आहेत ते ऐक, कारण वरून बघशील तर एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. पुढच्या बाजूला दोघींचं एकच: सरळ उभा स्ट्रट, म्हणजे चाकावरचा खांब, त्यातच स्प्रिंग आणि धक्के गिळणारा शॉकअप, खाली चाक धरणारा एक आर्म. हल्ली लहान गाड्यांना पुढे बहुतेक हेच असतं, त्यात भांडायला काही नाही. खरी गंमत मागे आहे. लाल गाडीला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन चाकांना धरणारे दोन दांडे आणि त्यांना जोडणारा एक आडवा लोखंडी बीम, जो थोडा पिळला जातो. करडीला मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या तीन-चार आर्मवर वेगळं तोललेलं, शेजारच्या चाकाशी देणंघेणं नाही. तू सात-आठ वर्षांची असताना मला फरक विचारला होतास. मी सांगितलं होतं, बीम म्हणजे दोघांत एक पांघरूण, एकाने कूस बदलली की दुसरा उघडा पडतो. आणि मल्टिलिंक म्हणजे दोघांना दोन पांघरुणं. तू धावत जाऊन आईला विचारलंस, आपल्या घरी बीम आहे का गं. त्या वेळी वर्कशॉपात चार गिऱ्हाइकं बसली होती. आई पुढे दोन दिवस माझ्याशी फक्त तुझ्यामार्फत बोलत होती.

पण बीमला उगाच नावं ठेवू नयेत. जागा कमी खातो, म्हणून डिकी मोठी मिळते. त्यात सांध्यातले रबरी बुश दोनच, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी कुरकुरायलाही दोनच. मल्टिलिंकवाल्या गाडीत इतके बुश असतात की आवाज कुठून येतोय ते शोधताना माझ्यासारख्याचीही पाठ भरून येते. आणि पांघरूण एकच असलं तरी ते किती मोठं, किती मऊ, यावर पुष्कळ अवलंबून आहे. लाल गाडीवाल्यांच्या माहितीपुस्तकात तर छातीठोक लिहिलंय, की आमचा बीम असा बसवलाय की मागे बसणाऱ्याला फरक कळणारच नाही. ते वाचलं आणि मला राहवेना. मला कळणार नाही? म्हटलं बघू या तरी यांनी काय करामत केलीय.

मागचा सात ठिगळांचा रस्ता तुला आठवत असेलच. वर्कशॉपच्या पाठीमागे नळ टाकायला रस्ता खणला होता आणि खणणाऱ्यांनी तो बुजवताना एक ठिगळ डावीकडे, एक उजवीकडे असं लावलं. लोकांनी अर्ज केले, तक्रारी केल्या, मी एकट्याने मनातल्या मनात आभार मानले. कारण गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढतात, तिथे बीम काय आणि मल्टिलिंक काय, दोघं सारखेच शहाणे. एक चाक वर आणि दुसरं खाली असेल तेव्हाच पांघरूण ओढलं जातं. त्या रस्त्यावर मी चपला काढून, पाय गाडीच्या तळावर टेकून मागे बसायचो आणि टाचेने गाडी वाचायचो. तुझ्या टाचा तळाला पोचायच्या नाहीत, म्हणून तुझ्यापुरतं एक लाकडी खोकं करून घेतलं होतं. नऊ वर्षांची असताना तू त्या खोक्यावर अनवाणी पाय ठेवून म्हणाली होतीस, उजवीकडचं मागचं चाक रडतंय. तीन वर्कशॉपांनी परत पाठवलेली गाडी होती ती. उघडली तर आतला बुश मधोमध चिरलेला. त्या दिवशी मी कुणाकुणाला ते सांगितलं याला गणती नाही. डोळ्यांवर टॉवेल बांधून गाडी ओळखायचा आपला खेळही तेव्हाचाच. दहापैकी नऊ हा माझा उच्चांक, आणि तुझे आठ.

तर तोच खेळ पुन्हा मांडला. करडी गाडी आपल्या शेजारच्या दंतवैद्याने नवीनच घेतलीय, त्याने ती हौसेने दिली. लाल गाडी शोरूममधून चाचणीसाठी दोन दिवसांपुरती मागून आणली. दोन्हींच्या टायरमध्ये हवा मोजून भरली. गाडी चालवायला तुझी आई, कारण तीसच्या काट्यावर खिळल्यासारखा राहणारा पाय तिच्याइतका कुणाचाच नाही. एरवी मी तिच्या त्या तीसला किती हसतो, ते सोड. सीटच्या कापडावरून ओळखू नये म्हणून दोन्ही सीटवर सारख्या चादरी घातल्या. नव्या गाडीच्या वासावरून कळू नये म्हणून दंतवैद्याने माझ्या नाकाशी लवंगेच्या तेलाचा बोळा धरला, वर म्हणाला की दुखली तर दाढही बघतो. दरवाजाच्या आवाजावरून मी झोपेतही गाडी ओळखतो, म्हणून दर वेळी दोन्ही गाड्यांचे सगळे दरवाजे उघडून लावायचे. एवढा बंदोबस्त करून, डोळे बांधून, आंधळ्या कोशिंबिरीसारखं मला तीनदा गोल फिरवून आई हाताला धरून गाडीत बसवायची. दंतवैद्य फाटकापाशी कागद घेऊन उभा होता. सहा फेऱ्या झाल्या. सहापैकी तीन बरोबर आले.

तीन म्हणजे काय, तुला सांगायला नको. नाणं उडवलं असतं तरी तीन आले असते. गाडी हलतेय हे कळत होतं, डावीउजवीकडे झुलतेय हेही कळत होतं, पण ठिगळावर चाक चढतं त्या क्षणाचा जो बारीक टोकदार ठोसा असतो, ज्यावरून गाडी ओळखायची, तो येतच नव्हता. मला वाईट वाटलं असेल असं तुला वाटेल. छे. मी खूश झालो. वाटलं, शाबास पोरांनो, बीममधून हे काढलंत! आई गाडीतून उतरताना म्हणाली, की त्या लाल गाडीत माझी कंबर इकडून तिकडे होत होती. मी तिला सांगितलं, चालवणाऱ्याला असे भास होतात. त्या दुपारी तुला उत्तर लिहून तयार होतं: दोन्ही सारख्याच, रंग आवडेल ती घे. पाठवायच्या आधी वाटलं, आपण एवढ्या जोरात सांगतोय तर हातात काहीतरी पुरावा असावा. नुसती माझी टाच पुरेशी आहे की नाही, असा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा मनात आला, तोही फक्त तुला पटवायचं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून तुझं ते लाकडी खोकं काढलं. ते मागच्या सीटसमोर ठेवलं, त्यावर ताट, ताटात काठोकाठ पाण्याने भरलेली वाटी. सात ठिगळं पार झाली की ताटात सांडलेलं पाणी चमच्याने मोजायचं. आपली सगळी प्रयोगशाळा एवढीच. लाल गाडीत चौदा चमचे सांडले, करडीत सहा. म्हटलं वाटी तिरकी ठेवली असेल. परत केलं. तेरा आणि सहा. आता आली का पंचाईत? पाणी म्हणतंय फरक दुपटीहून जास्त, आणि मी म्हणतोय फरक नाही. चाळीस वर्षांच्या अनुभवाविरुद्ध एक वाटी. अर्थातच मी वाटीला खोटं ठरवायला निघालो.

पुढचे दहा दिवस मी काय काय केलं याचा आईने तुला वेगळा वृत्तांत दिलाच असेल. शोरूमच्या माणसाला गोड बोलून लाल गाडी आणखी तीनदा आणली. करडी वर्कशॉपातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली, खाली उतरून एकूण एक बुश बोटाने चाचपला. शॉकअप दाबून पाहिले. टायरची हवा कमी-जास्त करून पाहिली. एक गोष्ट खरंच सुंदर सापडली, ती सांगतो. लाल गाडीत मागे वाळूची दोन पोती ठेवली आणि फेरी मारली, तर पाणी चौदावरून नवावर आलं. मागची स्प्रिंग गाडी भरलेली असताना खाली बसू नये म्हणून कडक ठेवावी लागते, त्यामुळे मागे दोन मोठी माणसं बसली की ती गाडी शांत होते, आणि मागे एकटं हलकं पोर बसलं की उड्या मारते. म्हणजे शोरूममध्ये तुम्ही दोघं मागे बसून बघाल तेव्हा सगळं छान वाटेल, आणि घरी आल्यावर पिल्लू एकटी मागे बसली की उलटी. हे कळलं तेव्हा मी खड्ड्यातूनच आईला हाक मारली. ती कणकेचे हात घेऊन धावत आली, तिला वाटलं गाडी अंगावर आली. वाळूच्या पोत्यांची हकीकत ऐकल्यावर ती काय म्हणाली ते लिहीत नाही.

पण मूळ कोडं तसंच होतं. पाण्याला कळतंय, आईच्या कमरेला कळतंय, मग मलाच का कळत नाही? मी गाडीतला दोष शोधत होतो, रस्त्यातला शोधत होतो, वाटीतलाही शोधला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी किती ड्रायव्हरांच्या तोंडावर फेकली असेल. एका सकाळी खड्ड्यातून वर आलो, घरात गेलो, चहा घेतला, बाहेर पेपर वाचत बसलो. आई दारात उभी राहून माझ्या पायांकडे बघत होती. माझ्या डाव्या पायात चप्पल होती, उजव्यात नव्हती. ती खड्ड्यातच निसटली होती आणि मी तासभर एका चपलेने घरभर हिंडत होतो. तळव्याला एक धातूची कपची रुतली होती, थोडं रक्तही आलं होतं. मला काहीच जाणवलं नव्हतं. आईने कपची काढली, पाय धुतला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “गाडीचं सगळं झालं बघून. आता तुम्ही खड्ड्यावर या.”

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या असतील. रक्त वगैरे तपासलं, साखर बरीच वाढलेली निघाली, आणि ती आजची नाही, चार-पाच वर्षं तरी मुरलेली आहे म्हणाल्या. मग त्यांनी खणातून एक लोखंडी चिमटा काढला, दोन पायांचा, टोकाला दांडी. मला राहवेना, विचारलं हे काय. त्या म्हणाल्या, ठोकला की ठराविक वेगाने थरथरतो, तो हाडावर टेकवून बघायचं की थरथर कळते का. मी मनात म्हटलं, बाई, आमचा धंदाच थरथर ओळखायचा, तुम्ही माझी परीक्षा काय घेणार. डोळे मिटायला सांगितले. हातावर टेकवला, अगदी स्वच्छ कळलं, एखाद्या ढिल्या बेअरिंगसारखं. मग पायाच्या अंगठ्याशी काहीतरी थंड लागल्यासारखं वाटलं. बाई म्हणाल्या, थांबला की सांगा. मी म्हटलं, “आधी वाजवा तरी.” त्या म्हणाल्या, “वाजतोय.”

दहानंबर, मी डोळे उघडून पाहिलं. माझ्या अंगठ्यावर तो चिमटा थरथरत होता, दिसत होता, आणि पाय माझा नसल्यासारखा पडला होता. टाचेवर टेकवला, तिथेही तेच. मी म्हटलं परत ठोका. त्यांनी परत ठोकला. मग मला खूप भीती वाटली, ती सरळच लिहितो. बाईंनी समजावलं की साखरेमुळे पायातल्या नसा मंद झाल्यात, गोळ्या आणि पथ्य पाळलं तर पुढचं नुकसान थांबवता येईल, पण गेलेलं सगळं परत येईल असं त्या सांगू शकत नाहीत. बाईंनी ते गोड बोलून झाकलं नाही, म्हणून मला त्यांच्यावर विश्वास बसला. घरी येताना आई गाडी चालवत होती, तीसनेच, आणि मी एकदाही हसलो नाही.

तुला वाटत असेल बाबा हातपाय गाळून बसला. दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी डोक्यात किडा वळवळला, की टाच गेली, पण हात शाबूत आहे, चिमटा हाताला स्वच्छ कळला होता. कॉम्प्रेसर चालू करून त्यावर टाच टेकवली, काही नाही. तळहात टेकवला, मोटरच्या कुठल्या बाजूचं बेअरिंग घासतंय तेही कळलं. मग काय! शोरूमच्या माणसाला पुन्हा गाठलं. आता तो मला बघितलं की आत निघून जातो, पण गाडी मिळाली. मागे बसलो, तुझं खोकं मांडीसमोर उपडं ठेवलं, पुढे वाकून दोन्ही तळहात त्यावर दाबले. डोळ्यांवर टॉवेल, नाकाशी लवंग, तीन गिरक्या, सगळं साग्रसंगीत. सहापैकी पाच. आणि जे पहिल्यांदा कळलं नव्हतं तेही कळलं: लाल गाडीत डाव्या चाकाचा ठोसा अर्ध्या ताकदीने उजव्या हातालाही लागतो. पांघरूण ओढलं जातंय, ते त्यांना लपवता आलेलं नाही. माहितीपुस्तकवाल्यांनी माझ्या टाचेला फसवलं होतं, हाताला नाही. खरं तर त्यांनी टाचेलाही फसवलं नव्हतं, ती आधीच गेली होती.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: करडी घे. पण तिच्यात मोठ्या चाकांची आवृत्ती आहे, तिच्या नादी लागू नकोस. टायरची जाडी इतकी कमी असते की मल्टिलिंकने कमावलेलं सगळं तिथे घालवून बसशील. एक इंच लहान चाक, जाड टायर, दिसायला थोडी साधी, पण पिल्लूच्या पोटाला तीच बरी. डिकी लालपेक्षा लहान आहे, सामान कमी न्या. आणि माझ्या शब्दावर घेऊ नकोस. तुमच्या रस्त्यावरून फिरवून बघ, मागे एकटी बस, चपला काढून. तुझ्या टाचा माझ्यापेक्षा आता कितीतरी खऱ्या आहेत.

हे सगळं लिहून झाल्यावरही पत्र संपवता येत नाहीये, कारण तळहाताने गाडी वाचता येते, पण तळहाताने ब्रेक दाबता येत नाही. गेल्या खेपेला तुम्ही आला होतात तेव्हा शाळेच्या फाटकासमोर मुलांची रांग रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक दाबलाय असं मला वाटलं आणि गाडी पुढे जातच राहिली. मग मी पूर्ण ताकदीने दाबला. पिल्लूच्या हातातली बाटली उडून तिच्या कपाळाला लागली, आणि रांगेतल्या शेवटच्या मुलामध्ये नि आपल्या बंपरमध्ये हातभर अंतर राहिलं. तू मागे तिच्याशेजारी बसली होतीस. तू आवाज न चढवता म्हणालीस, “बाबा, तुमचा पाय ब्रेकवर उशिरा आला.” आणि मी भर रस्त्यात, रडणाऱ्या पोरीसमोर, तुझं पूर्ण नाव घेऊन ओरडलो, की तुझ्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवतोय, मागे बसून मला शिकवू नकोस. तू गेल्यावर मी चारही चाकं उतरवली. ब्रेकचे पॅड ठणठणीत होते, डिस्क चांगल्या होत्या, ब्रेकचं तेल काठापर्यंत होतं. तेव्हा मी भंगाराच्या डब्यातून दुसऱ्याच गाडीचे झिजलेले पॅड काढले, फरशीवर मांडले आणि फोटो काढून तुला पाठवला. चाळीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाला खोटा पार्ट दाखवला नाही, तो पहिला तुला दाखवला. हे सांगायलाच हे पत्र आहे, बाकीचं सगळं इथपर्यंत यायला लिहिलं. मागच्या सीटवरून तुला माझा पाय दिसणं शक्यच नव्हतं, तुला ते टाचेनेच कळलं असणार, आणि तू बरोबर होतीस. पिल्लूलाही सांग, तिच्या आजोबांचं चुकलं. गाडीची किल्ली आता आईच्या पर्समध्ये असते, गिऱ्हाइकांच्या गाड्याही चाचणीला तीच नेते, मी मागे बसून खोक्यावर हात ठेवतो. काल तो फोटो पुन्हा काढून पाहिला. त्या पॅडचा आकारच आपल्या गाडीत बसणारा नाही. माझ्या हाताखाली वाढलेल्या मुलीला हे पहिल्या नजरेत कळलं नसेल असं होणं नाही, आणि तरी तू ‘बरं’ एवढंच लिहिलंस. शिवाय जिला नवव्या वर्षी चिरलेला बुश कळला, तिने मागच्या सीटसाठी कुठली गाडी बरी हे मला का विचारावं, याचाही आता मी विचार करतोय. उत्तर कळवू नकोस. तुम्हाला जमेल तेव्हा या, आई स्टेशनवर घ्यायला येईल, आणि मी पिल्लूच्या शेजारी बसेन.

तुझाच, मागच्या सीटवरचा,
बाबा